लाभ, दोन, तीन, चार

आधीच सांगते. ज्यांना हे खोटं वाटणार आहे त्यांनी इथंच थांबावं. खाली येऊन हसायचे इमोजी टाकू नयेत. मी हिंगोलीत झेरॉक्सचं दुकान चालवते, मला तेवढा वेळ नाही.

ज्या बाईच्या बाबतीत हे घडलं ती माझी सख्खी मावशी. मनकर्णामावशी. सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याची. तिला खोटं बोलता आलं असतं तर तिचं निम्मं आयुष्य सोपं गेलं असतं.

आणि हो, अमावस्या नव्हती. रात्रही नव्हती.

मागच्या दिवाळीनंतरचा बुधवार होता. दुपारचे दोन वाजलेले. स्वच्छ ऊन. आजूबाजूला शे-दीडशे माणसं कुरकुरे खात हिंडत होती.

जागा औंढ्याच्या पुढं, एका तळ्याच्या कडेला. हरणं, सांबर, मोर, ससे, माकडं, लेकरांसाठी झोके. लोक तिला हरणबाग म्हणतात. खरं नाव मी लिहिणार नाही, कारण लोक आजही लेकरं घेऊन तिथं जातात. आता कुणाला कशाला भीती घालू?

तर झालं असं.

मावशीची लेक संगिता पुण्याला असते. लग्नाला अकरा वर्षं होऊन गेली तरी पाळणा हलला नव्हता. दवाखाने झाले, नवस झाले, सासरची बोलणी खाऊन झाली. मग वैष्णवी झाली. एकुलती एक. त्या पोरीला साधी शिंक आली तरी संगिता रात्रभर बसून राहते.

भाऊबीजेला ती माहेरी आली आणि पहिल्यांदाच लेकीला चार दिवस मागं ठेवून गेली. जाताना गाडीच्या खिडकीतून मावशीचा हात धरून म्हणाली, "आई, माझा जीव ठेवून चालले बघ तुझ्यापाशी."

मावशी हसली. "जा गं. तुला बी मीच वाढवलं ना?"

बुधवारी सकाळी मावशी चार लेकरं घेऊन निघाली. तीन लेकाची. प्रियंका सगळ्यांत मोठी आणि उंच. मधला सोमेश्वर, उवा झाल्या म्हणून टक्कल केलेला. शेंडेफळ बालाजी, सहा वर्षांचा. आणि चौथी वैष्णवी, नऊ वर्षांची. दोन वेण्या, लाल रिबिनी. वेण्या मावशीनंच सकाळी तेल चोपडून घातल्या होत्या.

गाडी खेमाची. खेमा साखऱ्याजवळच्या तांड्यावरचा, त्याची स्वतःची मॅजिक आहे. माणूस भरवशाचा. आधी नागनाथाचं दर्शन झालं, मग हरणबाग. खेमा गाडी लावून बाहेरच लिंबाखाली आडवा झाला.

आता नीट ऐका, कारण सगळं इथंच बिघडलं.

आमच्याकडं रास मापताना पहिल्या मापाला कुणी 'एक' म्हणत नाही. 'लाभ' म्हणायचं. लाभ, दोन, तीन, चार. 'एक' म्हटलं की एकावरच अडतं, 'लाभ' म्हटलं की रास वाढते, असं जुनी माणसं मानतात. मावशीच्या घरी माप तिच्याच हातात असतं. त्या आठवड्यात तिनं सोयाबीन मापलं होतं, पोत्यामागून पोतं. जिभेला वळणच पडलेलं. ती भाकरीसुद्धा तशीच मोजते, वाळत घातलेले कपडेसुद्धा.

फाटकापाशी गर्दी होती. लेकरं हरवू नयेत म्हणून मावशीनं एकेकाच्या डोक्यावर हात ठेवला.

"लाभ… दोन… तीन… चार."

तिकीट फाडणाऱ्या माणसाचा हात थांबला.

भीमराज त्याचं नाव. पन्नाशीचा, खाकी शर्ट, एका कानात बाळी. त्यानं मान वर करून विचारलं, "काय म्हणलात मावशी?"

"कुठं काय? लेकरं मोजली."

तो काहीतरी बोलणार होता. पण मागून एका कॉलेजच्या पोरांचा लोंढा आला, ढकलाढकली झाली, आणि मावशी आत गेली.

आत गेल्यावर पहिला अर्धा तास मजेत गेला. मोर ओरडत होते. माकडं जाळीला लोंबकळून चाळे करत होती. सोमेश्वर त्यांना वेडावून दाखवत होता.

"काहून त्यांना चिडवून राहिला रे? तुझ्या टकलाला हसून राहिलेत ते," मावशी म्हणाली. लेकरं खिदळली.

मग सगळे हरणांच्या कुंपणापाशी आले.

आणि…

हरणं जवळ आली नाहीत.

बाकी लोकांच्या हातातला पाला ती खात होती. ही लेकरं कुंपणाला टेकली तशी एकेक करून मागं सरकली. पार पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. वीस-पंचवीस हरणं, सगळ्यांची तोंडं इकडंच. एकही कान हलेना.

"आज्जी, ती आपल्याला भेत्यात का?" बालाजीनं विचारलं.

"पोट भरलं असल त्यांचं," मावशी म्हणाली.

तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की मोरांचा आवाज बंद झालाय. माकडंही गप्प बसली होती. सगळी पाठ करून.

तिला थोडं कसंतरी झालं. पण ऊन होतं, माणसं होती, पलीकडं कुणाच्या तरी मोबाईलवर गाणं वाजत होतं. भ्यायचं कशाला?

वैष्णवी नळावर पाणी पीत होती. मावशी म्हणाली, "माय, सांडू नको अंगावर." आणि वळली.

वळली तर वैष्णवी सशांच्या पिंजऱ्यापाशी उकिडवी बसलेली.

मावशीला वाटलं, पळत आली असेल. लेकरांच्या पायाला काय लागतं?

दुपारी चिंचेखाली चादर अंथरली. मावशीनं धपाटे बांधून आणले होते. लेकरागणिक दोन, आणि स्वतःचे दोन. ती वाढत गेली. दही वाढलं, शेंगदाण्याची चटणी वाढली, दिवाळीच्या उरलेल्या करंज्या काढल्या. सगळ्यांचं हातावर पडलं तसं स्वतःला घ्यायला तिनं फडकं उलगडलं…

फडकं रिकामं.

"माझे कुणी खाल्ले रे?"

"आमी दोन-दोनच घेतले," प्रियंका म्हणाली. ती पोरगी लबाडी करत नाही.

  मावशीनं उठून पुन्हा डोक्यांवर हात ठेवायला सुरुवात केली. सवयीनं, बिचारी.

"लाभ… दोन… तीन… चार…"

हात पुढं गेला.

"…पाच."

ती स्वतःशीच हसली. एकाला दोनदा मोजलं असणार. परत मोजलं.

पाच.

मग तिनं नावं घेतली. प्रियंका. ओ. सोमेश्वर. ओ. बालाजी. ओ. वैष्णवी. ओ.

चार नावं. चार ओ.

डोकी मात्र पाच.

हे मला मावशीनं सांगितलं तेव्हा मी तिला वेड्यात काढलं होतं. म्हटलं, मावशे, पाचवं लेकरू दिसलं असेल ना, त्याचं तोंड बघायचं. ती म्हणाली, "बघितलं ना गं. एकेकाचं तोंड बघितलं. जिकडं बघावं तिकडं माझंच लेकरू. परकं एक बी न्हाई. आन् मोजलं की पाच."

  चौघांतलं एकही लेकरू हरवलं नव्हतं, मग ओरडायचं तरी काय म्हणून? लोकांना काय सांगायचं, माझ्याकडं एक लेकरू जास्त झालंय?

तेव्हा भीमराज आला.

फाटक सोडून, धापा टाकत. त्यानं चादरीकडं एकदा बघितलं आणि लगेच नजर खाली घातली.

"किती भरली, मावशी?"

"पाच." मावशी रडकुंडीला आली. "मी चार आणली व्हती दादा. तुमीच तिकिटं फाडली."

"व्हय. चारच व्हती."

"मग हे काय हाय?"

"मला ठावं न्हाई." तो हळू आवाजात बोलत होता, लेकरांना ऐकू जाऊ नये असा. "माझ्या आधी इथं एक माणूस व्हता. खेड्यातला, रासा मापणारा. सांजच्याला हरणं मोजायचा, ती बी तशीच. लाभ म्हणून. रोज एक हरण जास्ती भरायचं. लई तकलीफ झाली त्याला. काम सोडून गेला. तवापासून इथं कुणी लाभ म्हणत न्हाई. फाटकावरच सांगणार व्हतो तुमाला."

"आता काय करू?"

"असं नेऊ नका घरी. परत मोजा. एक म्हणून मोजा. डोळे झाकून, डोक्यावर हात ठेवून. उघड्या डोळ्यांनी सगळी आपलीच दिसत्यात. चारावर थांबा, त्या चौघांना घ्या आन् सरळ फाटकाबाहेर जावा. मागं बघू नका."

"आन् माझा हात चुकला तर?"

 भीमराजनं खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं.

मावशीनं लेकरांना ओळीत बसवलं. खेळ हाय म्हणाली. सगळ्यांनी डोळे मिटा, मी बी मिटते. कुणी जागचं हलायचं न्हाई.

तिनं डोळे झाकले. नागनाथाचं नाव घेतलं. हात पुढं केला.

पहिलं डोकं उंच. प्रियंका. "एक."

दुसरं खरखरीत. टक्कल. "दोन."

तिसरं इवलंसं, आणि ते हसत होतं. बालाजी. "तीन."

हात पुढं गेला.

दोन वेण्या. तेलकट भांग. रिबिनीची गाठ, तिनंच सकाळी मारलेली.

मावशीला हायसं वाटलं. 'चार' तोंडात आलं होतं. पण कोण जाणे काय वाटलं, तिनं दुसरा हात आणखी पुढं नेला…

तिथंही दोन वेण्या.

तेलकट भांग. रिबिनीची तीच गाठ.

दोन्ही हातांखाली दोन डोकी. दोन्ही गरम, उन्हात बसल्यासारखी. मावशी वाकली, दोघींच्या केसांचा वास घेतला. घरचंच तेल, दोन्हीकडं.

"वैष्णवी कोण गं तुमच्यात?" तिनं विचारलं. 

"मी, आज्जी," डावीकडून आलं.

"मी, आज्जी," उजवीकडून आलं.

तोच आवाज. तेच लाडात येऊन बोलणं.

संगिताचा जीव. अकरा वर्षं वाट बघून झालेला. आणि तो कुठल्या हाताखाली आहे, ते मावशीला कळत नव्हतं. डोळे उघडावेत असं तिला शंभरदा वाटलं. उघडले असते तर काय झालं असतं कोण जाणे. ती म्हणते, "त्या वक्ताला मला मरण आलं असतं तर बरं झालं असतं."



मग उजव्या हाताखालच्या पोरीनं तिचा हात घट्ट धरला.

"चार," मावशी म्हणाली.

डावा हात तिनं उचलला. त्या पोरीनं काहीच म्हटलं नाही. रडली नाही, हाक मारली नाही. ती काहीतरी बोलली असती तर मावशी वळली असती, हे तिनं मला शपथेवर सांगितलंय.

चौघांना घेऊन ती चालायला लागली. चादर तिथंच राहिली, डबे तिथंच राहिले. फाटक चाळीस-पन्नास पावलांवर होतं.

निम्म्या वाटेवर…

मागून पावलं वाजली. पळत येणाऱ्या लेकराची, चपलांची फटफट.

मावशीनं उजव्या हातातला हात आवळला. मागं बघितलं नाही.

पावलं फाटकापर्यंत आली आणि तिथं थांबली.

त्याच क्षणी मोर ओरडले. सगळे एकदम.

खेमा लिंबाखालून उठून आला. त्यानं दार उघडलं, लेकरं आत कोंबली गेली, मावशी बसली. त्यानं गाडी चालू केली आणि आरशात बघून म्हणाला, "मावशी, अहो थांबा. वैष्णवी आतच राहिली की."

मावशीनं दार ओढून घेतलं.

"ती बघा ना, फाटकाला धरून उभी हाय. रडून राहिली ती." तो उतरायला निघाला. तेवढ्यात त्याची नजर मागच्या सीटवर गेली.

वैष्णवी तिथं बसली होती. मांडीवर हात ठेवून, समोर बघत.

खेमानं पुन्हा आरशात बघितलं. मग त्यानं आरसा हातानं फिरवून टाकला आणि गाडी थेट साखऱ्याला काढली. बालाजी मात्र पार वळणापर्यंत मागच्या काचेतून हात हलवत होता.

खेमा त्या रस्त्यानं भाडं घेत नाही आता. दुप्पट देतो म्हटलं तरी नाही.

चार दिवस भरल्यावर संगिता आली आणि लेकीला घेऊन गेली. पोरगी अगदी ठणठणीत होती. कानामागचा तीळ जागेवर. गुडघ्यावरची लहानपणची खूण जागेवर. मावशीनं आंघोळ घालताना तिचं अंग अंग तपासलं होतं. कुठं काही कमी नाही, जास्त नाही.

शाळेतही तिचं छान चाललंय. पहिला नंबर आला. आजारी म्हणून पडत नाही. संगिता फोनवर सांगते, "आई, आता बाई शिंकत बी न्हाई ती."

एकच बारीकशी गोष्ट. हाक पुरी व्हायच्या आत ती ओ देते. तुम्ही तोंड उघडता, 'वै' म्हणायच्या आधी पलीकडून ओ आलेली असते. संगिताला त्याचं कौतुक वाटतं.

हे सगळं मावशीनं कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, लेकाला नाही. ती फक्त दर बुधवारी पहाटे उठायला लागली. धपाटे करायचे, डबा भरायचा, साखऱ्याहून हिंगोली, हिंगोलीहून औंढा. घरी सांगायची, नागनाथाला नवस बोललेय.

एका बुधवारी हिंगोलीच्या स्टँडवर मला ती भेटली. हातात डबा, डोळे सुजलेले. मी तिला दुकानात आणून बसवलं, चहा पाजला, आणि खनपटीला बसले. तेव्हा कुठं हे सगळं बाहेर आलं.

"अगं पण आता कशाला जातेस तिथं?" मी चिडलेच.

"माझंच लेकरू असलं तर?" मावशी म्हणाली. "उपाशी ठेवू का त्याला?"



ती आत जात नाही. तळ्याच्या बाजूनं कुंपणाला एक वाकलेली जाळी आहे, तिथं चिंचेची सावली पडते. भीमराजला माहीत आहे, तो त्या वेळी तिकडं कुणाला फिरकू देत नाही. मावशी जाळीखालून डबा आत सरकवते आणि पाठ करून बसते. बघायची तिची हिंमत होत नाही. थोड्या वेळानं डबा परत सरकल्याचा आवाज येतो. रिकामा असतो. पुसल्यासारखा.

पहिले काही महिने एवढंच चाललं.

मग आषाढात एका बुधवारी…

डबा सरकला, आणि मागून अगदी जवळून आवाज आला.

"आज्जी, मम्मी आली का गं?"

मावशीनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. मग कसंबसं म्हणाली, "येईल माय. सांगते तिला."

त्यानंतर दर बुधवारी तेच विचारणं. मम्मी आली का. आणि मावशीचं तेच उत्तर.

ही गोष्ट मावशी आणि भीमराज सोडून फक्त मला माहीत होती. मी कुणाला बोलले नव्हते, अगदी माझ्या घरीही नाही.

मागच्या महिन्यात मंगळवारी संध्याकाळी मी मावशीकडंच होते. संगिताचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मावशी कणीक मळत होती म्हणून फोन स्पीकरवर टाकला होता. त्यामुळं पुढचं मी माझ्या कानांनी ऐकलंय.

संगिता हसत म्हणाली, "आई, ही बया काय विचारते बघ. आज्जी दर बुधवारी डबा कुणाला नेते म्हणते. कुणाला गं?"

मावशीचे हात कणकेतच थांबले.

"नागनाथाला," ती म्हणाली. "नवस हाय."

पलीकडं फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला. संगिता लांब कुठंतरी भांडी लावत असल्याचा आवाज येत होता.

मग वैष्णवी बोलली. गोड आवाजात. घाई नाही, राग नाही.

"आज्जी, तिला सांग, मम्मी नाही येणार."

फोन कट झाला.

मावशी रडली नाही. मी म्हटलं, मावशे, आता तरी संगिताला सांगून टाक. तिनं परात बाजूला सारली. "काय सांगू तिला?" म्हणाली. "तुझं लेकरू मी टाकून आले म्हणू? आन् खरंच टाकलं का, ते बी मला ठावं न्हाई. त्या पोरीला ती रोज कुशीत घेऊन झोपती गं."

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. मावशी गेली. त्याच्या पुढच्या बुधवारीही गेली.

काल संगिताचा मला मेसेज आला. यंदा भाऊबीजेला दोघी येणार आहेत. आईचा नवस आहे म्हणून बुधवारी औंढ्याला सगळे मिळून जाऊ, असं वैष्णवीनंच सुचवलं म्हणे.

मी अजून उत्तर पाठवलेलं नाही.